सव्वादोन इंच

हातातल्या किल्ल्या पडल्या म्हणून मुंगी वाकली, तिचा टॉप कमरेवरून थोडा वर सरकला आणि मी मनात म्हणालो, दीड इंच. आधी माप आलं. ते कशाचं हे मागाहून आलं. जन्मभर सायलेन्सरचे पाइप कापणाऱ्या माणसाच्या डोळ्याला ही खोडच लागते, लग्नाच्या जेवणातसुद्धा तो आधी पेल्याचा व्यास बघतो. मुंगीच्या पाठीवर दोन निळसर रेघा होत्या, तिरप्या, एकमेकींना धरून चाललेल्या, आणि मधली कातडी पांढरी. पट्ट्याचा वळ असा उठत नाही. गोल वस्तू जोरात बसली की खालचं रक्त दोन्ही बाजूंना पळतं आणि मधे कोरडी वाट राहते. हे मला कुठल्या डॉक्टरने शिकवलेलं नाही. आमचे वडील बॉयलरच्या कारखान्यात फिटर होते आणि मी हे आरशासमोर मान वळवून वळवून शिकलो. मुंगी माझी धाकटी बहीण. लहानपणी सतत स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत घरभर फिरायची म्हणून मुंगी. ती सरळ झाली, टॉप खाली ओढला. "जिन्यात पडले," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "तुमचा जिना गोल आहे का?" मी म्हणालो. तिने माझ्या हाताकडे बघितलं. "दादा, आधी ते बंद कर." माझ्या हातात ग्राइंडर चालू होता आणि त्याचा आवाज मला ऐकूच येत नव्हता.

बंद केला. मग ती बोलली, जमिनीकडे बघत, उद्या काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात. येत्या शनिवारी तिचा नवरा माझ्या वर्कशॉपमध्ये कामाला टाकलेली ही गाडी घेऊन गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर जाणार. तिथे त्याच्यासारखे हौशी जमतात, गाड्या पळवतात, मुक्काम करतात. रविवार संध्याकाळपर्यंत घर मोकळं. तेवढ्यात ती पोरीला घेऊन दुसऱ्या शहरात मावशीकडे निघून जाणार. मावशीशी बोलून झालं होतं, वकील बघून झाला होता. "आजच चल, माझ्याकडे," मी म्हणालो. "तुझ्याकडे तो आधी येईल. मग तू काय करशील हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. तो तेवढ्याचीच वाट बघतोय, मग तूच गुंड ठरशील आणि मी वेडी." "मग मी काय करू? हाताची घडी घालून बसू?" "गाडी कर. वेळेत कर आणि चांगली कर. पळाली नाही तर तो जाणार नाही, घरीच बसेल." घरीच बसेल, हे तिने अगदी हळू म्हटलं. "आणि त्याच्याशी नेहमीसारखा बोल. शनिवारपर्यंत. एवढंच कर." एवढंच! माझ्यासारख्या माणसाला सांगायचं, आणि वर म्हणे एवढंच.

आमचे भावोजी ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. बहिणीचा नवरा, वयाने माझ्याहून लहान, तरी अहो-जाहो. तोंडाला वळण पडलंय, आता शिवी द्यायची तरी आदरार्थी द्यावी लागेल. दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक, आणि तोंडाने मधाचं बोट: क्लच हळू सोडा, घाबरू नका, सुरुवातीला सगळ्यांचंच चुकतं. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली आणि अर्धं गाव त्यांच्या सबुरीचे गोडवे गातं. घरी जेवताना त्यांचा पाय टेबलाखाली आपोआप ब्रेक दाबतो, असं मुंगीने एकदा हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो. दिवसभर लोकांच्या चुकांवर पाय देऊन बसणाऱ्या माणसाचा दाब संध्याकाळी कुठून बाहेर पडतो, हा प्रश्न निदान मला तरी पडायला हवा होता. माझा धंदाच तो आहे. आणि तो दीड इंची तुकडा. उन्हाळ्यात भावोजी आले होते, पडद्यासाठी दांडी हवी म्हणाले, मी रॅकमधून चांगला गुळगुळीत तुकडा काढून दिला. हाताला कापू नये म्हणून दोन्ही कडा घासून दिल्या. धार राहिली का ते स्वतःचं बोट फिरवून बघितलं. मुंगी गेल्यावर मी त्या बोटाकडे बघत उभा राहिलो आणि मग पाण्याच्या पिंपाला अशी लाथ घातली की नखाखाली रक्त साकळलं.

गाडी जुनी, इंजिन पुढे, आणि पुढच्या झाकणाखाली टर्बो बसवायला बोटभर जागा नाही. म्हणून टर्बो मागे, सायलेन्सर असतो तिथे. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनने फेकलेल्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो फिरला की जास्तीची हवा इंजिनात कोंबतो आणि गाडी उडते. पण इथे धुराला इंजिनापासून गाडीच्या पोटाखालून शेपटापर्यंत चालत यावं लागतं. निघतो तेव्हा तो लालबुंद असतो. वाटेत निवतो, आक्रसतो, दमतो. अशा धुराला वर रुंद पाइप दिला की तो पाय पसरून चालतो, पंख्यापाशी पोचतो तेव्हा त्याच्यात राम उरत नाही, आणि चालवणारा पाय दाबून बसतो तर गाडी विचार करत राहते. म्हणून टर्बोच्या आधीचा पाइप अरुंद हवा, वरून उष्णता धरणारी जाड पट्टी गुंडाळलेली. फार अरुंदही नको, नाहीतर वेग वाढला की इंजिनाचा गळा आवळला जातो. या इंजिनाला सव्वादोन इंच. हे कळायला मला कागद लागत नाही. आणि भावोजींना हवा होता तीन इंची, इंजिनापासून शेवटपर्यंत, कारण त्यांच्या कुणा मित्राच्या गाडीला तीन इंची आहे. त्यांनी पाइप स्वतः विकत आणून माझ्या दारात टाकला होता. एरवी मी म्हटलं असतं, घाला, पैसा तुमचा आणि हौस तुमची, मग बसा बोंबलत. पण तीन इंची घातला असता तर गाडी मेल्यासारखी पळाली असती, शनिवार बुडाला असता आणि त्याचा हिशेब मुंगीच्या पाठीवर झाला असता. पाऊण इंचाचा फरक. मी त्या पाऊण इंचावर रात्रंदिवस दात खात होतो.

वडील कामावरून यायचे तेव्हा घरातली हवा आधी बदलायची, माणूस नंतर दिसायचा. कारखान्यात वरचा साहेब त्यांना बोलायचा, ते तिथे मान खाली घालून ऐकायचे आणि सगळं जसंच्या तसं घरी घेऊन यायचे, वाटेत थेंब सांडू न देता. आई शहाणी. तिने एक युक्ती काढली होती. सकाळी त्यांची सायकल पुसायच्या निमित्ताने ती मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह किंचित सैल करायची. सुटी होईपर्यंत चाक बसलेलं असायचं आणि ते सायकल ढकलत चालत घरी यायचे. "चालत आला की निवतो," ती मला म्हणायची. खरंच निवायचे. घामाघूम व्हायचे, रस्त्याला शिव्या द्यायचे, सायकल बनवणाऱ्याला शिव्या द्यायचे, जेवायचे आणि झोपायचे. रोज करता यायचं नाही, संशय आला असता. म्हणून आठवड्यातला वाईट दिवस कोणता हे ती त्यांच्या सकाळच्या चहा पिण्यावरून ओळखायची. मग एकदा कुणीतरी त्यांना मोटरसायकलवर सोडलं. दारात सोडलं, गरम गरम. आईच्या हातात अजून पीठ होतं. त्यांनी लोखंडी नळी उचलली ती मला आठवते, मी हात वर केला तो आठवतो, मनगट मोडल्याचा आवाज आठवतो, वाळलेली काटकी मोडावी तितका साधा. मुंगी टेबलाखाली होती, तिने माझा पाय घट्ट धरला होता, आणि मला त्या क्षणी वडिलांपेक्षा तिचाच राग आला होता की ही मला पळू का देत नाही. मी स्वतः वाहन ठेवलं नाही ते उगाच नाही. जगाच्या गाड्या पळवतो आणि घरी चालत जातो. माझ्या अंगात कोणाचं रक्त आहे हे मला ठाऊक आहे.

भावोजी बुधवारी आले. हसरे, इस्त्रीचा शर्ट, अंगाला मंद वास. "काय मेव्हणे, तीन इंची चढला का?" मी गाडीखाली होतो. डोक्याशी त्यांच्या बुटांची टोकं दिसत होती, पॉलिश केलेली, आणि माझ्या हातात पाना होता. नडगीवर एक घाव घातला असता तर माणूस दोन महिने ब्रेक दाबू शकला नसता. मी पाना खाली ठेवला. हळूच ठेवला, वाजू दिला नाही. "भावोजी, तीन इंची घालू की. पण टर्बोच्या मागे घालू." "म्हणजे?" "टर्बोच्या आधी धुराला दम हवा, तिथे सव्वादोन. पंख्यातून सुटला की त्याला मोकळं रान, तिथे तुमचा तीन इंची." "आणि लोक विचारतील तेव्हा?" "लोकांना शेपूट दिसतं, भावोजी. पोट कोण बघतं वाकून?" ते मोठ्याने हसले. "तुम्ही पक्के आहात हां," म्हणाले आणि मी बाहेर आलो तसं माझ्या पाठीवर थाप मारली. बरोबर त्याच जागी, कमरेच्या वर, डावीकडे. थाप प्रेमळ होती. माझ्या कानशिलात हातोडे पडत होते आणि मी हसत होतो. आरशात दिसलो असतो तर स्वतःच्या थोबाडीत दिली असती.

त्यानंतरचे दिवस मी काम केलं की खून केले ते मला सांगता येणार नाही. पाइप वाकवताना त्यांचा हात वाकवत होतो. पट्टी गुंडाळून तारेने आवळताना गळा आवळत होतो. वेल्डिंगचा निळा डोळा काचेआडून बघत असताना एक विचार आला आणि तो डोक्यात ठाण मांडून बसला: पाइप पेट्रोलच्या टाकीच्या शेजारूनच जातो. मधे जो पत्र्याचा आडोसा ठोकायचा तो ठोकला नाही, आणि पट्टी तेवढ्या वीतभर जागी सैल ठेवली, तर धावपट्टीवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला आपोआप निकाल. कुणाला कळणार नाही. मी चष्मा वर करून त्या जागेकडे पुष्कळ वेळ बघत राहिलो. हात थांबवला तो पापाच्या भीतीने नाही, कबूल करतो. जोड चांगला आला होता. सगळीकडे सारखी, बारीक, नाण्यांची चळत आडवी पाडावी तशी शिवण, आणि त्या शिवणीशेजारी मला भिकार काम ठेववेना. पत्रा ठोकला. दोन ठिकाणी ठोकायचा तो चार ठिकाणी ठोकला. ज्या माणसाच्या मरणाची मी तासातासाला इच्छा करत होतो त्याला माझ्या हातून आयुष्यातली सगळ्यात चांगली गाडी मिळत होती, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. अभिमानाला लाज नसते हेच खरं. मुंगीचा रोज एक फोन यायचा, एकच प्रश्न, झाली का? मी म्हणायचो, होतेय. ती म्हणायची, बरं. मागे पोरगी काहीतरी गुणगुणत असायची.

शुक्रवारी दुपारी गाडी जॅकवरून उतरवली. भावोजी चालवायला, मी शेजारी. कारखान्यांच्या मागचा मोकळा रस्ता. पहिल्या गिअरात काही नाही. दुसऱ्यात त्यांनी पाय थोडासा दाबला आणि पाठीमागून, डिकीच्या खालून, शिट्टी उठली, आधी केसाएवढी, मग वाढत गेलेली, आणि गाडीने असा हिसका दिला की माझं डोकं मागे आपटलं. इतक्या लवकर! मला स्वतःला वाटलं होतं त्याहून लवकर. भावोजी ओरडले, शब्द नाही, नुसते ओरडले, लहान मुलासारखे. त्यांनी थांबवली, परत पळवली, परत थांबवली. डोळ्यांत पाणी होतं हो त्या माणसाच्या. "मेव्हणे, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं," म्हणाले. मी मनात मुंगीला सांगत होतो, झालं, उद्या जातो हा, तुझं काम झालं. मला इतकं हलकं वाटलं की त्या क्षणी मी त्यांना जवळजवळ माफ केलं असतं. आम्ही वर्कशॉपमध्ये परत आलो, मी हात धुतले, चहा केला, त्यांनी दोन कप घेतला. एका रात्रीचा प्रश्न उरला होता.

जाताना ते रॅकपाशी थांबले. तुकड्यांत हात घालून त्यांनी एक काढला. दीड इंची. हातात तोलला, तळहातावर दोनदा हळूच आपटला, माणूस बोलता बोलता करतो तसं, मनात काही नसताना. "हा नेऊ का, मेव्हणे? मागचा तुमच्या बहिणीने कुठे फेकून दिला कोण जाणे. बायकांना वस्तूची किंमत नसते." आणि हसले. माझ्याकडे बघून, आपण दोघं पुरुष, तुम्हाला कळतंच की, असं हसले. मी म्हणालो, "थांबा, कडा घासून देतो." हे माझ्याच तोंडून आलं. मी हात पुढे केला, त्यांनी तुकडा विश्वासाने माझ्या हातात दिला, आणि मी तो फिरवला.

पहिला खांद्यावर बसला. हाड वाजलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य आलं, शिकणाऱ्याने चुकीचा गिअर टाकावा तसं, आणि "अहो," म्हणाले ते. अहो! दुसरा पाठीवर. ते बाकावर पालथे पडले, ड्रिलच्या पात्यांचा डबा सांडला, शर्ट वर गेला आणि मी माझ्या डोळ्यांनी ती पांढरी वाट उमटताना बघितली, दोन्ही बाजूंना रक्त धावताना. तिसरा, चौथा. मी मोजत नव्हतो. त्यांचा दात बाकाच्या कडेवर लागून ओठातून बाहेर आला. मला काय वाटलं ते सांगतो, कारण न सांगणं हा खोटारडेपणा होईल: मला बरं वाटलं. आंघोळीनंतर वाटतं तसं स्वच्छ, मोकळं वाटलं. शनिवार, मावशी, वकील, मुंगीचा हळू आवाज, काही म्हणता काही आठवलं नाही. हातात फक्त त्या नळीचं वजन होतं आणि ते अगदी बरोबर होतं. दम लागला म्हणून मी थांबलो. ते रांगत दारापर्यंत गेले, दाराला धरून उठले. मला वाटलं शिव्या देतील, पोलिसांचं नाव काढतील. लटकलेला हात दुसऱ्या हाताने धरून त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि ती नजर मी ओळखली, वडील कारखान्यातल्या साहेबासमोर याच नजरेने मान खाली घालून उभे राहत असणार. तिच्यात माझ्यासाठी काहीच नव्हतं. मग गाडी सुरू झाली आणि गेली.

मी नळी खाली ठेवली. सांडलेली पाती उचलून डब्यात भरली, मापाप्रमाणे लावली. पाणी प्यायलो. मग मुंगीला फोन केला, आणि माझ्या आवाजात, देवा, आनंद होता. "मारला मी त्याला," मी म्हणालो. "चांगला मारला. आता तुझ्या वाटेला जाणार नाही." मागची गुणगुण तेवढी चालू होती. "कुठे आहे तो?" "गेला. गाडी घेऊन गेला." "कधी?" "झाला थोडा वेळ." "दादा," ती म्हणाली, "आज शुक्रवार आहे." ती रडली नाही, ओरडली नाही. माझा आठवड्याचा वार चुकला म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं, आणि तेव्हा कुठे मी शुद्धीवर आलो. "दार लावून घे," मी म्हणालो. "आतली कडी त्याने केव्हाच काढून टाकली आहे." "मग शेजारी जा." "शेजारचे कामावर असतात." ती चालत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. "चल, चल, चपला राहू दे, बूट राहू दे, चल," हे पोरीला. दार उघडलं. जिन्याचा पोकळ आवाज. "मी येतो," मी म्हणालो आणि शटर तसंच टाकून रस्त्यावर आलो, एप्रनसकट, आणि पळायला लागलो. रिकामी गाडी एकही दिसेना. "दोन मजले राहिलेत," मुंगी म्हणाली. "हळू, पोरीला पाडशील." "तू नको सांगूस मला आता," ती म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजात.

मग फोनमधून ती शिट्टी ऐकू आली. आधी केसाएवढी. त्यांच्या गल्लीच्या तोंडाला काटकोनी वळण आहे, तिथे कुठलीही गाडी दुसऱ्या गिअरात घ्यावी लागते, मोडल्या खांद्याने तर रखडतच. आणि तेवढ्या रखडत्या वेगातही टर्बोने दाब धरला होता. एक क्षण, पाय न थांबवता, मी मनात म्हणालो, काय सुरेख पकडतेय. खरंच म्हणालो. तीन इंची असता तर गाडी वळणावर घुटमळली असती, मुंगी फाटकाबाहेर पडली असती. शिट्टी वाढत गेली आणि एकदम खाली बसली, इमारतीच्या दारात. गाडीचं दार आपटलं. "आई, बाबा आले," पोरगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात नेहमीसारखा आनंद होता.

"दादा, फोन ठेवू नकोस," मुंगी हळूच म्हणाली.

मी ठेवला नाही. कानाशी घट्ट धरून पळत होतो, आणि मला सगळं ऐकू येत होतं.